चवीचा रकाना

…आणि हात करू नका हो त्या वेटरला, दंड दुखेल, तो येणार नाही. तिसऱ्यांदा करताय. तो तुम्हाला बघतोय, चांगला बघतोय, फक्त न बघितल्यासारखं करतोय — पिशव्या सांभाळत बसलेली बाई काही मागवत नाही, नुसती खुर्ची अडवते, हे त्यांना कामाला लागल्याच्या आठवड्यात कळतं. पाणीच हवंय ना? हे घ्या माझं. उष्टं नाही, मी हातसुद्धा लावला नाही. आणि त्या दाराच्या वाऱ्यातून उठा, या इकडे खिडकीपाशी, टेबल चौघांचं आहे नि मी एकटी आहे. ठेवा पिशव्या. किती आहेत? सहा? आणि हा चष्मा? जावयाचा — पाळण्यात उडून जाईल म्हणून तुमच्या हातात. वा. म्हणजे सगळं घर तिकडे आकाशात उलटंपालटं होतंय, घराचं सामान इथे बसलंय, आणि सामानाला सोबत म्हणून तुम्ही.

राग नका मानू, मी कुणाला हसत नाहीये. मीसुद्धा या पार्कात पहिल्यांदा पिशव्यांवरच आले होते. बारा वर्षं झाली त्याला. पुतण्या घेऊन आला, म्हणाला, काकू, चला जरा, तुम्हालाही बदल. बदल म्हणजे काय तर किल्ल्यासारखं ते हॉटेल आहे ना, दारात अस्वलं उभी असतात, तिथे मला सामानासकट बसवलं आणि सगळे गेले घसरगुंड्यांवर. चार तास. आता चार तास एका जागी बसून माणूस करणार काय — बघणार. मी बघितलं. टेबल पुसायचं फडकं आणि खुर्च्या पुसायचं फडकं एकच. एका टेबलावरून परत गेलेला ब्रेड पुढच्या टेबलाच्या टोपलीत, नव्या कागदाखाली लपवून. आणि अस्वलाच्या वेषातला एक जण पंजे न काढता सूप वाढत होता, पंजा सूपमध्ये, आणि पोरं टाळ्या वाजवतायत. घरी गेले नि पत्र लिहिलं. अकरा पानं, पाठपोट. चौथ्या दिवशी फोन — पार्कचा म्हातारा मालक स्वतः. म्हणाला, बाई, तुम्ही पुन्हा या. म्हटलं, तिकीट काढून पुन्हा यायला मला वेड लागलेलं नाही. म्हणाला, तिकीट नको, काही नको, नुसतं जेवा आणि असंच लिहा.

तेव्हापासून जेवते आणि लिहिते. हे कुणाला सांगायचं नसतं खरं तर. पण तुम्ही संध्याकाळी गाडीत बसून आपल्या गावी जाणार, तुम्हाला सांगून माझं काय जातंय. पाच हॉटेलं आहेत या रिसॉर्टमध्ये — किल्ला, जहाज, गुहा, तळ्याकाठचं आणि हे काचघर. दर बुधवारी एक. हा फॉर्म बघा. स्वागत, टेबल, वाढप, स्वच्छता, चव — पाच रकाने, प्रत्येकाला दहापैकी आकडा, खाली शेऱ्याला जागा. लोकांना वाटतं हॉटेल चवीवरून ओळखावं. चव शेवटी येते. मी आधी बघते एकट्या माणसाला कुठे बसवतात. कुटुंब आलं की सगळेच पुढे धावतात, त्यात काय कौतुक. एकटी म्हातारी दारात उभी राहू दे — मग बघा. "एकच का?" असं विचारतात. एकच का. जसं काही मी बाकीचे घरी विसरून आलेय. मग संडासाशेजारचं टेबल, नाहीतर खांबामागचं, आणि समोरचे तीन ग्लास खणखण उचलून नेतात. ते ग्लास कसे उचलतात त्यावर मी निम्मे गुण ठरवते. तळ्याकाठी पूर्वी उचलत नसत. राहू देत चारही. बरं वाटायचं.

नाही, ओळखत नाही मला कुणी. मालक म्हणायचा, बाई, तुम्ही केसांचा टोप लावा, वेगळा चष्मा लावा. दोन बुधवार लावलासुद्धा. मग लक्षात आलं की म्हाताऱ्या बाईचा चेहरा कुणी बघतच नाही, तिला वेष बदलायची गरज काय. बारा वर्षांत एकानंही म्हटलं नाही की तुम्ही मागे आला होतात. एक सोडून. त्याचं सांगेन मग.

मी शिकले कुठे? कुठेच नाही. चौथीत शाळा सुटली. नंतर एकतीस वर्षं इस्पितळाच्या स्वयंपाकघरात, तीनशे माणसांचा स्वयंपाक दोन वेळा. वाचायला खरी मी तिथे शिकले, डॉक्टरांच्या पथ्याच्या चिठ्ठ्या वाचून — ज्यांचं अक्षर औषधवाल्याला लागायचं नाही त्यांचं मला लागायचं. याला मीठ नको, त्याला तेल नको, अमक्याला सगळं गाळून. चाळीस पातेल्यांपैकी कुठल्यात मीठ आहे नि कुठल्यात नाही हे मी झाकण उचलून नुसत्या वासावर सांगायची. मिठाला वास नसतो म्हणतात. पाण्याला असतो की नाही? मीठ पडलं की पाण्याचा वास बदलतो. डॉक्टर हसायचे, पण चुकले नाही कधी. एकतीस वर्षांत एकाही आजाऱ्याच्या ताटात चुकीचं मीठ गेलं नाही माझ्या हातून, हे मी कुणासमोरही उभी राहून सांगेन.

तर हे सूप. घ्या ना एक चमचा — हा दुसरा चमचा आहे, कोरा. घ्या हो, लाजायचं काय त्यात, दोघींचं मत असलं की बरं असतं, एकाच जिभेवर किती भार टाकायचा. थांबा, असं गिळू नका. आधी जिभेच्या टोकावर, मग कडेला, मग — हां. आता सांगा. नुसतं छान नको. छान तर लोक शेजाऱ्याच्या पडद्यांना पण म्हणतात. मीठ सांगा मला. मीठ बेताचं आहे, कमी आहे, की — अहो. अहो, काय झालं? पाणी प्या. प्या, प्या, मोठा घोट घ्या. डोळ्यांतून पाणी आलं की तुमच्या. मिरपूड? हो, घातली मी थोडी. मला आवडते. थोडीच. किती म्हणजे काय, मोजत होतात का तुम्ही तिकडे बसून? — अर्धी डबी. बरं. असेल अर्धी डबी.

नाही, मला ठसका लागत नाही. जरा चुरचुरतं. चुरचुरलं की कळतं तोंडात काहीतरी आहे.

बघू नका अशा. आता कळलंच आहे तर ऐका. गेल्या हिवाळ्यात ताप आला. आठ दिवस. कुणाला कळवलं नाही, कळवायचं कुणाला — पुतण्या महिन्यातून एकदा फोन करतो, तोही गाडी चालवताना, "काकू, सिग्नल सुटला, ठेवतो." ताप उतरला, उठले, चहा केला, तर चहा म्हणजे गरम पाणी. म्हटलं, पावडर गेली. दुकानदाराकडे गेले नि त्याला चार लोकांत झापलं. दुसरं दुकान धरलं, तोही चोर. तिसरा तर महाचोर. कांद्याला वास नाही, कॉफीला वास नाही, साबणाला नाही — मी म्हटलं, काय दिवस आलेत, कुणी म्हणून खरा माल विकत नाही. अगं, हसतेस काय, मला खरंच तसं वाटत होतं. माझं नाक गेलं असेल हे माझ्या मनात आलंच नाही. एवढ्या वर्षांचं नाक. सगळं गाव खोटं निघालं तरी ते खरं, असा माझा हिशोब. मग एकदा दूध ठेवलं गॅसवर आणि त्याच खोलीत, चार हातांवर, मी पेपर वाचत बसले होते. शेजारीण दार वाजवत आली, म्हणाली, आजी, काय जळतंय, सगळा जिना भरलाय धुरानं. पातेलं कोळसा झालं होतं. मी तिला काय म्हणाले माहितेय? म्हटलं, तुमच्याच घरातून येतोय वास. दार लावून घेतलं तोंडावर.

आणि मधल्या काळात बुधवार चालूच होते ना. तेच सांगतेय. तळ्याकाठचा आचारी — साठीचा माणूस, कान हे एवढे, उभा राहिला की दार भरायचं. माशाचं सूप करायचा. बारा वर्षांत मी दहापैकी दहा कुणाला दिले नाहीत, देणारही नाही, पण त्याला नऊ दिले होते, सहा वेळा. मीठ कधी मापून घातलं नाही त्या माणसानं, चिमूट धरायचा नि सोडायचा. तोच तो, मला ओळखणारा. म्हणजे तपासणीवाली म्हणून नाही हं, ते त्याला माहीत नव्हतं, नाहीच अजून. पण स्वयंपाकघराच्या फटीतून बघायचा आणि बाहेर येऊन म्हणायचा, "मावशी, आज उशीर केलात." बस, एवढंच. उशीर केलात. माझ्या उशिराची दुसऱ्या कुणाला खबर नसते.

त्याला मी चार दिले. तापानंतरचा पहिला बुधवार तळ्याकाठी पडला. सूप तोंडात घेतलं, काहीच नाही. शेरा लिहिला — अळणी, आचाऱ्याचं लक्ष उडालेलं दिसतं. पुढच्या पाळीला पुन्हा — अजून अळणी, सांगूनही सुधारणा नाही, तीन. आता मालक राहिला नाही, सून बघते सगळं, आणि ती शब्दाला मान देते माझ्या, सासऱ्यांनी नेमलेली बाई म्हणून. तिनं माझा शेरा स्वयंपाकघरात वाचून दाखवायला लावला. मग तो बिचारा काय करणार, मीठ वाढवत गेला. बारा वर्षं ज्याला कुणी काही बोललं नाही त्याला कागदावर दोनदा अळणी म्हटलं तर तो स्वतःच्या जिभेवर तरी विश्वास कसा ठेवेल? तिसऱ्या पाळीला मी गेले तर टेबलाटेबलावरून ताटं परत जातायत. भरलेली. पोरं तोंड वाकडं करतायत, पाण्याचे जग फिरतायत. आणि मला, मला बरं वाटलं गं. खोटं कशाला बोलू. म्हटलं, बघा, आता गिऱ्हाइकालाही कळायला लागलं, मी एकटी नव्हते. लिहिलंसुद्धा तसं — लोकही ताटं परत पाठवत आहेत. आणि पेनचं टोपण लावते न लावते तोच बाजूच्या टेबलावरचा माणूस ओरडला वेटरवर, "काय रे, समुद्र उकळून आणलाय का?" तेच सूप होतं. तेच माझ्या तोंडात होतं. मी गिळलं नव्हतं अजून.

मग? मग गिळलं. फॉर्म घडी घातला आणि जाताना दाराशेजारच्या फॉर्मच्या पेटीत टाकला.

टाकला म्हणजे टाकला. का, ते विचारू नकोस, मला सांगता येणार नाही. हात गेला. बारा वर्षांची सवय आहे, लिहिलं की टाकायचं. आणि — नाही, तसंही नाही. पेटीपाशी मी उभी राहिले होते बराच वेळ. माझ्यामागे एक बाई येऊन थांबली, तिला वाटलं मी रांगेत आहे.

खिडकीतून बघ. त्या गोल फिरणाऱ्या घोड्यांच्या अलीकडे लाल छत्री. मक्याची गाडी. तो वाकलेला, कान दिसतायत? तोच. त्या फॉर्मनंतर स्वयंपाकघरातून काढून गाडीवर बसवला त्याला, चार महिने झाले. पोरांना कागदाच्या पुड्यात मका देतो. मी दर बुधवारी त्याच्याकडून एक पुडा घेते, हॉटेल कुठलंही असो, वाट वाकडी करून जाते. आणि तो — हे ऐक — तो पुडा हातात देतो आणि विचारतो, "मावशी, मीठ बरोबर आहे ना बघा बरं?" गाडीला दोरीनं प्लॅस्टिकचा चमचा बांधून ठेवलाय त्यानं, मापाचा. त्या माणसानं. सपाट करून घेतो बोटानं. मी एक दाणा तोंडात टाकते, असं चावते, विचार केल्यासारखं करते आणि म्हणते, बरोबर आहे. तो म्हणतो, "तुम्ही म्हणालात म्हणजे झालं." दाणा दातांत अडकतो दर वेळी, तो कळतो मात्र.

आता तू म्हणशील, एवढं होतं तर सांगून का टाकलं नाही. म्हण ना. मी तुझ्या जागी असते तर टेबलावर हात आपटून म्हटलं असतं. अगं, सांगितलं की संपलं. सून काही वाईट नाही, ती गोड बोलेल, एखादी शाल देईल, फोटो काढेल. आणि म्हणेल, आजी, आता आराम करा. लोक हल्ली फोनवर तारे देतातच, हा फॉर्म मी तुमच्याचसाठी चालू ठेवला होता — हे तिनं मला आधीच एकदा ऐकवलंय, हसत हसत. मग बुधवार जातील. बुधवारी माझ्यापुढे कुणीतरी ताट आणून ठेवतं. "आणखी काही हवंय का" विचारतं. खरं विचारत नाही, पण विचारतं तरी. बाकी सहा दिवस ताट मीच ठेवते नि मीच उचलते, आणि मधे जे असतं त्याला चव नसते. तर एवढ्यासाठी. ऐकायला किती लहान वाटतं ना? मलाही वाटतं. मोठ्यानं बोलले आज पहिल्यांदा.

म्हणून हे चालवलंय — कुणीतरी एकटं बसलेलं बघायचं, पिशव्यांवर, बाळाच्या ढकलगाडीवर, आणि एक चमचा चाखायला लावायचं. चार महिन्यांत सतरा जणांची जीभ वापरली मी. एक शिक्षिका होती, एक सैन्यातला म्हातारा, एक बाई तर इतकी रडवेली होती की तिला जहाजावरचं गोडसुद्धा खारट लागत होतं, तिथे मला अंदाजानं लिहावं लागलं. अठरावी तू. वरून सही माझी. एकतीस वर्षं चुकीचं मीठ जाऊ दिलं नाही म्हणून मघाशी छाती पुढे काढली, ती मीच ना?

आणि आज हा दुसरा कागद आहे फॉर्मबरोबर. सोमवारी घरी आला, तीन दिवस पिशवीत घेऊन फिरतेय. वाच. लहान अक्षर आहे, मी वाचते — तळ्याकाठच्या हॉटेलातल्या हंगामी आचाऱ्यास कायम करावे काय, आपले मत शुक्रवारपर्यंत कळवावे. हो लिहिलं की नवा पक्का, आणि तो लाल छत्रीखालचा माणूस निवृत्त होऊन घरी बसेपर्यंत मका विकणार, सपाट चमच्यानं. नाही लिहिलं तर का नाही ते लिहावं लागतं. नवा वाईट नाहीये गं, तीच तर पंचाईत आहे. मागच्या पाळीला त्या शिक्षिकेनं चाखून सांगितलं, नीट आहे म्हणाली. तुम्ही दुपारी तळ्याकाठीच जेवलात? काय खाल्लं? आठवत नाही. बघ. तीन तास झाले नि आठवत नाही. त्याच्या हातचं सूप प्यायलेली माणसं घोड्यांपाशी उभं राहून त्याबद्दल बोलत असायची, मी ऐकलंय माझ्या कानांनी.

पेन दे तिथलं. माझं आहे, त्या रुमालाखाली. नाही, तू बोलू नकोस आता, तू बोललीस की मी थांबेन. चव — इथे आकडा नाही लिहीत. चव: सांगता येत नाही. थांब, एवढ्यानं भागणार नाही, ती सून म्हणेल म्हातारीनं कोडं घातलं. चव: गेल्या हिवाळ्यातल्या तापापासून मला चव आणि वास दोन्ही नाही. तळ्याकाठच्या आचाऱ्यास मी दिलेले तीनही शेरे चुकीचे होते. सूप अळणी नव्हते. मी त्यास अळणी म्हटल्यामुळे त्याने मीठ वाढवले. दोष त्याचा नाही, माझा आहे. त्यानंतरची माझी चवीची सगळी मते परक्या माणसांकडून घेतलेली आहेत. त्यास परत बोलवावे. — बोलवावे की बोलवावं? लिहिताना बोलवावेच बरं. सही. तारीख. हात काढा माझ्या हातावरून, शाई पसरेल.

पाकीट बंद केलं. आता हे तुम्ही घ्या. हो, तुम्ही. बाहेर पडायच्या दाराशी डाव्या हाताला ऑफिसची खिडकी आहे, तिथे द्यायचं, फक्त द्यायचं, कुणी दिलं विचारलं तर म्हणायचं एका बाईंनी. मी का नाही? कारण मी मला ओळखते, बाई. इथून उठून त्या दारापर्यंत सात मिनिटं लागतात, आणि सात मिनिटांत मी स्वतःची शंभर कारणं काढून हे फाडीन. पेटीपाशी उभी राहून आलेय मी एकदा. त्याला? त्याला तुम्ही काही सांगायचं नाही. मका घ्या हवा तर पोरांना, पण तोंड उघडायचं नाही. ते माझं मी बोलेन, उठल्यावर, आजच. पाकीट गेलं की बोलावंच लागेल, म्हणून तर देतेय.

ते बघा, काचेवर टकटक करतायत तुमची. भिजलीयत सगळी. नाही, मी येत नाही तुमच्यात बसायला, कशाला — ओळख करून द्यायची, ह्या कोण, त्या कोण, नि मग मी तुमच्या पिशव्यांशेजारी बसणार. त्यापेक्षा इथे बरी आहे. सहाही उचला, ती निळी राहिली खुर्चीखाली. पाकीट आतल्या कप्प्यात ठेवा, वर नको, ओलं होईल. चला, निघा आता. आणि बाहेर गेल्यावर काचेतून हात-बीत करू नका मला. मी इथे कुणाला ओळखत नाही.